बिदर लोकसभा मतदारसंघ : बदलता कल व अल्प मताधिक्य

ठाणाकुशनूर ज्या औराद विधानसभा मतदारसंघात येते, तो बिदर लोकसभा मतदारसंघाच्या आठ भागांपैकी एक आहे. यातील आळंद व चिंचोळी हे दोन भाग गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्ह्यातील आहेत. मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या या सीमाभागाचा राजकीय कल समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम शेजारच्या जेवर्गीचे उदाहरण पाहू. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत माजी मुख्यमंत्री धरमसिंग तेथे अवघ्या ७० मतांनी पराभूत झाले. ७० मते म्हणजे आपल्या महाविद्यालयातील एका वर्गाचा पट! त्याच सुमारास मतदारसंघांची पुनर्रचना झाली. पूर्वी अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला बिदर खुला झाला, तर गुलबर्गा राखीव झाला. त्यामुळे धरमसिंग बिदरकडे वळले व २००९ मध्ये काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. भाजपचे रामचंद्र वीरप्पा १९९१ पासून येथून सातत्याने निवडून आले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे काटा पुन्हा फिरला. भाजपचे भगवंत खुबा २०१४ मध्ये ९२,२२२ मतांनी व २०१९ मध्ये एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीतही भाजपला आठांपैकी पाच जागा मिळाल्या. वरवर पाहता हे वर्चस्वच. परंतु चिंचोळीत ८५८, बिदर दक्षिणमध्ये १,२६३ व हुमनाबादेत १,५९४ एवढेच मताधिक्य होते. तिन्हींची बेरीज चार हजारांच्याही आत भरते. जागांची संख्या आणि मतांचे बळ या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

२०२४ मध्ये खुबा केंद्रीय राज्यमंत्री असूनही त्यांच्या उमेदवारीस औरादचे भाजप आमदार प्रभू चव्हाण यांनी उघड विरोध केला. काँग्रेसतर्फे उभे राहिले सागर खंड्रे. २०१९ मध्ये त्यांचे वडील ईश्वर खंड्रे याच खुबांकडून हरले होते. सागर १,२८,८७५ मतांनी निवडून आले. केवळ पक्षांतर्गत नाराजीने एवढा फरक पडला असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. वर्षभरापूर्वीच्या त्या तीन निसटत्या जागांत त्याची चाहूल होतीच.