घरच्या गोळीचं पथ्य

लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात उपचाराच्या शेवटच्या, लांबलचक टप्प्यात सिक्स-मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घरीच रोज द्यायची असते. रक्ततपासणी पाहून डॉक्टर डोस बदलतात. मूल हसतंखेळतं दिसलं की गोळीत चालढकल होते. खरा धोका तोच. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. युरिक अ‍ॅसिडवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल सोबत गेलं, तर मर्कॅप्टोप्युरिन शरीरात साठतं आणि पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. (गंमत अशी, की दोन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेतली, १९८८च्या नोबेलचे ते मानकरी.) गर्भवतीने गोळी उघड्या हाताने हाताळू नये. मुलाचा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.