कात्री मापाची, पण शर्ट रेडीमेड : तुलनात्मक अभ्यास कसा वाचायचा?

‘वाट्या बदलल्या’ असं आपण सर्रास म्हणतो. पण गुडघेबदल शस्त्रक्रियेत मुख्य काम असतं मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापून त्यांवर कृत्रिम सांधा बसवण्याचं. काप योग्य कोनात यावा म्हणून नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा घालतात. दुसऱ्या पद्धतीत आधी एमआरआय किंवा सीटी स्कॅन काढतात, त्यावरून हाडाचं त्रिमितीय मॉडेल करतात आणि त्याच पेशंटच्या हाडावर चपखल बसेल असं कटिंग गाईड थ्रीडी प्रिंटरवर छापतात.

मापाचं ते चांगलंच असणार, असं वाटतं ना? पण थांबा. बसवायचा सांधा बहुतेक वेळा ठरावीक साइझचाच असतो. म्हणजे शर्ट रेडीमेडच, फक्त कात्री मापाची!

आता अशा तुलनेचा पेपर हातात आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला : मोजलंय काय? बहुतेक अभ्यास पायाचा अक्ष मोजतात. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेष ३ अंशांपेक्षा जास्त कलली, तर तो गुडघा ‘आउटलायर’. यात मापाच्या गाईडचा सातत्याने मोठा फायदा दिसलेला नाही. अवजारांचे ट्रे कमी लागतात, थोडा वेळ वाचतो. पण स्कॅन आणि गाईडचा खर्च वाढतो.

दुसरा : जे मोजलं त्याचा पेशंटशी संबंध काय? पेशंटला जिना चढायचा असतो, अंश मोजायचे नसतात. मेयो क्लिनिकच्या २०१० च्या अभ्यासात ३९८ गुडघे पाहिले गेले. ३ अंशांच्या आतले सांधे १५ वर्षांच्या हिशेबात जास्त टिकले, असं काही आढळलं नाही. अर्थात हा एकाच केंद्राचा, जुन्या नोंदींवरचा अभ्यास. त्यावरून ‘अक्षाला महत्त्वच नाही’ असं म्हणता येणार नाही.

तिसरा : सीमारेषा कुठे आखलीय? २.९ अंश पास आणि ३.१ नापास! एक्स-रे काढताना पाय जरासा वळला तरी कोन बदलतो. मग तो फरक साधनाचा की मोजणीचा?

तुमच्या विषयातला एक पेपर आजच काढा आणि ही तीन उत्तरं वहीत लिहा. दुसऱ्या प्रश्नापाशी पेन अडलं, तर तिथे खूण करून ठेवा. तुमचा संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच सापडेल.