काम पाहून वेग

समज, तू रीडिंगहून लंडनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये आहेस. लॅपटॉपवर मराठीचा गृहपाठ पूर्ण करायचा आहे. बॅटरी उरली आहे फक्त २० टक्के आणि चार्जर राहिला घरी! आता काय करायचं?

लॅपटॉपमधली सगळी गणितं प्रोसेसर करतो. तो ३ गिगाहर्ट्झवर चालतो, तेव्हा त्याच्या घड्याळाचे एका सेकंदात ३०० कोटी ठोके पडतात. ठोके वाढवायचे, तर सहसा व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून वेग थोडा वाढला, तरी वीज बरीच जास्त लागते. मग लॅपटॉप तापतो आणि पंखा घूं घूं करायला लागतो.

विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचं ब्रिटनमधलं मुख्य ऑफिस रीडिंगमध्येच आहे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ उघड. तिथे बॅटरीच्या पानावर ‘पॉवर मोड’ दिसेल. त्यात तीन पर्याय असतात: वीज वाचवणारा, मधला आणि सगळ्यात वेगवान. गृहपाठाला पहिला पुरतो. रोजच्या कामाला मधला चांगला. मोठा गेम खेळायचा असेल, तर तिसरा घे, पण चार्जर लावून!

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तू ऐकली असशील. इथेही तसंच आहे: बॅटरी किती उरली ते बघ, मगच वेग निवड.