पाचारण, पाटी आणि स्वयंपाकघराचं टेबल

१९९४च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या टेलिफोन यंत्रणेने अक्षरशः मान टाकली. दिवसचे दिवस फोन खणखणत होते, फॅक्सची भेंडोळी बाहेर पडत होती. निमित्त होतं शिक्षणविषयक एका अवाढव्य विधेयकातल्या चिमुकल्या कलमाचं. शिक्षक जो विषय शिकवतो त्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे असलं पाहिजे, अशी तरतूद कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी सुचवली होती. एरवी अशा वाक्याकडे कोण ढुंकून पाहतं! पण मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती आयांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या पोटात गोळा आला. उद्या स्वतःच्या मुलीला अपूर्णांक शिकवायला आईकडे बी.एड.चा कागद मागणार का? ख्रिस्ती रेडिओवरून हाक गेली आणि देशभरातल्या स्वयंपाकघरांतून फोन सुरू झाले. ते कलम वगळण्याच्या बाजूने ४२४ मतं पडली. विरोधात एकच मत होतं, ते खुद्द मिलर यांचं.

याच आया, किंवा त्यांच्या थोरल्या बहिणी म्हणा, पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या वेळात मुलांना अंगणातसुद्धा खेळू देत नसत. शेजाऱ्याने तक्रार केली तर सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखाली अधिकारी दारात उभा राहायचा. त्या भीतीपासून संसदेला हलवण्यापर्यंतचा हा प्रवास झाला कसा, याची गोष्ट बहुधा वकील आणि प्रचारक सांगतात. ती खोटी नाही. पण त्यात रोज सकाळी नऊ वाजता टेबलावरची न्याहारीची भांडी उचलून तिथेच वह्या मांडणारी बाई नावापुरतीच येते.

मुळात दुखावलेपण होतं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेतली सरकारपुरस्कृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली, पुढच्याच वर्षी वर्गातलं बायबल-वाचनही. अमेरिकेतल्या कॅथलिकांना याचा तेवढा धक्का बसला नाही; त्यांनी आपल्या शाळा कधीच्याच वेगळ्या काढल्या होत्या आणि १९२५ मध्ये ओरेगन राज्याविरुद्धच्या खटल्यात तो हक्क न्यायालयाकडून शाबीतही करून घेतला होता. प्रॉटेस्टंटांचं तसं नव्हतं. सरकारी शाळा ही आपलीच, असं ते शंभर वर्षं धरून चालले होते. आपल्याच घरातून देवाला बाहेर काढल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनीही मग खाजगी ख्रिस्ती शाळा उघडल्या. दक्षिणेतल्या अशा कित्येक शाळांमागे श्रद्धेइतकंच, कधी श्रद्धेहून जास्त, काळ्या मुलांबरोबर बसायचं नाही हे कारण होतं. घरशिक्षणाचा इतिहास सांगताना हे पान चिकटलेलंच ठेवण्याची अनेकांना सवय आहे.

गंमत अशी की घरशिक्षणाची वाट दाखवणारे पहिले लोक या बायबलनिष्ठ, इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट मंडळींपैकी नव्हतेच. एक होते बोस्टनचे जॉन होल्ट. धर्माशी फारसं देणंघेणं नसलेला हा शिक्षक. शाळा सुधारेल ही आशा सोडून त्यांनी १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक छोटं नियतकालिक सुरू केलं. दुसरं होतं रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य. रेमंड मूर केंद्रीय शिक्षण खात्यात काम केलेले, आणि दोघेही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे शनिवारी शब्बाथ पाळणारे. लहान मुलांना, विशेषतः मुलग्यांना, आठ-दहा वर्षांपर्यंत औपचारिक अभ्यासाला जुंपू नका, असं ते संशोधनाचे दाखले देत सांगत. १९७५ मधल्या त्यांच्या पुस्तकाचा सूर धार्मिकापेक्षा वैद्यकीय होता : डोळे तयार नाहीत, मेंदू तयार नाही, घाई कशाला? मग जेम्स डॉब्सन यांच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात मूर बोलले आणि पत्रांचा पाऊस पडला. शाळेबद्दल कुरकुरणाऱ्या हजारो आयांना कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की तुम्ही वेड्या नाही आहात.

श्रद्धेची बाजू या आयांनी स्वतःच भरली. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायात, देवाच्या आज्ञा मुलांना घरीदारी, उठता-झोपता शिकवाव्यात असं आईवडिलांना बजावलं आहे. उपासनेत शेकडो वेळा ऐकलेला तो भाग आता वेळापत्रकासारखा वाचला जाऊ लागला. मुलाला दिवसाचे सहा-सात तास दुसऱ्याच्या हाती देऊन ही आज्ञा पाळायची कशी, हा प्रश्न एकदा पडला की तो पिच्छा सोडत नसे. रूसास जॉन रशडूनींसारखे कडवे विचारवंत सरकारी शाळेला निधर्मी राज्याचं देऊळ म्हणत आणि न्यायालयांत पालकांच्या बाजूने साक्षी देत. त्यांची जाडजूड पुस्तकं किती आयांनी उघडली असतील याची शंकाच आहे.

कायद्याची लढाई मात्र पुरुषांनी लढवली, आणि चांगली लढवली. १९८३ मध्ये मायकेल फॅरिस आणि जे. मायकेल स्मिथ या वकिलांनी घरशिक्षण करणाऱ्यांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना काढली. वर्गणी भरा, खटला झाला तर आम्ही उभे राहू, असा विम्यासारखा साधा हिशेब. १९७२ मध्ये आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मुभा मिळाली होती, तो निकाल त्यांच्या हाती होताच. राज्यामागून राज्यं सैल झाली. १९९३ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धेपोटी घरी शिकवणाऱ्या पालकांना प्रमाणित शिक्षकाची अट लावता येणार नाही, असा निर्णय दिला. चारास तीन अशा काठावरच्या मताने.

खटला जिंकला तरी सोमवारी सकाळी भागाकार शिकवायचाच होता.

सुरुवातीच्या बहुतेक घरांत शाळेचीच नक्कल झाली. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाहून किंवा साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलहून ख्रिस्ती प्रकाशकांच्या पुस्तकांचं खोकं मागवायचं, खोलीत बाक आणि फळा मांडायचा, झेंडा लावायचा, चार मुलांच्या चार इयत्तांचे सगळे विषय एकटीने घ्यायचे. नाताळ येईपर्यंत बाईचा जीव मेटाकुटीला यायचा. ज्या शाळेला नाकारलं तिचीच घंटा घरात वाजत होती. रूथ बीचिक या अनुभवी शिक्षिकेने लिहिलेल्या पातळशा पुस्तिकांनी अशा आयांना मोठा दिलासा दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : पुस्तक तुमच्यासाठी आहे, तुम्ही पुस्तकासाठी नाही, मुलाशी बोलताना जे शिकवता तेही शिक्षणच.

आणि मग आली शार्लट मेसन. मृत्यूनंतर साठ वर्षांनी. इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात, ॲम्बलसाइडला शिक्षिका घडवणारी ही बाई १९२३ मध्ये वारली होती. ना लग्न, ना मूल. स्वित्झर्लंडमधल्या लाब्री या ख्रिस्ती आश्रमात वाढलेल्या सुझन शेफर मॅकॉली यांनी आपल्या मुली इंग्लंडमध्ये मेसनच्या पद्धतीच्या छोट्या शाळेत फुलताना पाहिल्या आणि १९८४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पाच वर्षांनी मेसनचे सहा खंड अमेरिकेत पुन्हा छापले गेले. एका अविवाहित व्हिक्टोरियन शिक्षिकेचं ऐकून टेक्सास-टेनेसीतल्या आया मुलांना घेऊन ओढ्याकाठी जाऊ लागल्या, पानाफुलांची चित्रं वहीत काढून घेऊ लागल्या. धडे छोटे, पंधरा-वीस मिनिटांचे. सारांशवजा पाठ्यपुस्तकांऐवजी जिवंत भाषेतली खरी पुस्तकं. एकदाच वाचून दाखवायचं आणि मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं.

पण या आयांना मेसनने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या एका भित्तिचित्रात पवित्र आत्मा उतरताना दाखवला आहे, आणि खाली ओळीने बसल्या आहेत व्याकरण, अंकगणित, भूमिती, संगीत या विद्या. कलासमीक्षक रस्किनच्या लेखनातून या चित्राकडे वळलेल्या मेसनने त्यातून आपलं तत्त्व घेतलं : धार्मिक शिक्षण आणि ऐहिक शिक्षण असे दोन कप्पेच नाहीत, गणिताचा धडाही पवित्र आत्माच देतो. भागाकार चुकल्यावर रडणाऱ्या पोराजवळ बसलेल्या आईला हे केवढं बळ देत असेल! बायबलचा तास संपला की श्रद्धा संपली, असं राहिलं नाही. अभ्यासाच्या खोक्यावर छापलेल्या वचनांपेक्षा हे कितीतरी खोल होतं, आणि श्रद्धेतून घरशिक्षणाला अर्थ मिळाला तो इथे, असं म्हणायला जागा आहे.

अर्थ सर्वांत आधी मिळाला तो आईलाच. ऐंशीच्या दशकात अमेरिकन बाई घराबाहेर पडली होती. घरी राहणारीला ‘तू काय करतेस?’ या प्रश्नाची धास्ती वाटे. अशा वेळी मेरी प्राइड यांनी १९८५ मध्ये बाईच्या घरी परतण्याचा जाहीरनामाच लिहिला. त्या स्वतः अभियांत्रिकी शिकलेल्या, आधीच्या स्त्रीवादी. घरशिक्षणाने या बायकांना उत्तर दिलं : हे माझं पाचारण आहे. मात्र ‘घरातच राहा’ म्हणता म्हणता त्यांनी मासिकं काढली, अधिवेशनं भरवली, अभ्यासक्रम लिहून विकले, शेजारच्या पाच घरांची मिळून शाळा चालवली. समाजशास्त्रज्ञ मिचेल स्टीव्हन्स यांनी २००१ मधल्या पुस्तकात या चळवळीतलं बायकांचं काम बारकाईने टिपलं. व्यासपीठावरचा माइक मात्र बहुतेकदा पुरुषाच्याच हाती.

मराठी वाचकाला यात एक उलटा आरसा दिसेल. आपल्याकडे ख्रिस्ती श्रद्धेने मुलींना घराबाहेर काढून शाळेत बसवलं. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. पंडिता रमाबाई तर स्वतः घरी शिकलेल्या, आईच्या तोंडून संस्कृत घेतलेल्या. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी उभी केली ती शारदासदन ही शाळा. तीच श्रद्धा, अमेरिकेत शंभर वर्षांनी, मुलांना शाळेतून घरी घेऊन आली.

यशाबरोबर कुंपणंही आली. अधिवेशनात बोलायचं तर आधी श्रद्धानाम्यावर सही करा, अशी अट अनेक राज्यसंघटनांनी घातली. ज्यांनी वाट दाखवली ते मूर दांपत्यच, ॲडव्हेंटिस्ट म्हणून, हळूहळू बाजूला सारलं गेलं. बिल गॉथर्ड यांच्यासारख्यांनी वडिलांच्या अधिकाराभोवती अख्खी जीवनपद्धती रचली. २०१४ मध्ये बायकांशी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनी स्वतःची संघटना काढली. त्यांची मागणी घरशिक्षण बंद करण्याची नव्हती. मुलांकडे अधूनमधून कुणीतरी पाहावं, एवढीच होती. आईवडिलांचा हक्क या एका मुद्द्यावर तीस वर्षं लढलेल्या चळवळीला मुलांचा हक्क हा शब्द ऐकायला जड गेला, आणि इथे तिची बाजू लंगडी आहे.

जोशुआ हॅरिसचं उदाहरण तर या पिढीच्या वर्मी लागणारं. वडील ग्रेग हॅरिस घरशिक्षणाचे नामांकित प्रचारक. घरीच शिकलेल्या जोशुआने १९९७ मध्ये लग्नाआधीच्या प्रेमप्रकरणांना रामराम ठोकण्याचा सल्ला देणारं पुस्तक लिहिलं आणि ते लाखोंनी खपलं. पुढे तो पाळक झाला. २०१८ मध्ये त्याने ते पुस्तक मागे घेतलं, आणि पुढच्या वर्षी आपण ख्रिस्ती उरलो नाही असं जाहीर केलं. एका माणसावरून साऱ्यांचा निवाडा करता येत नाही. पण घरात पेरलेली श्रद्धा हमखास उगवते, हे आश्वासन त्यानंतर तेवढ्या ठामपणे देणं अवघड झालं.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. २००० साली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत पहिले तिघेही घरी शिकणारे होते. विजेता बारा वर्षांचा जॉर्ज एब्रहॅम थंपी हा भारतीय वंशाचा मुलगा, आठवडाभर आधी भूगोलाच्या राष्ट्रीय स्पर्धेतही दुसरा आलेला. त्याच वर्षी लुइझियानात जॉइस आणि एरिक बर्जेस या काळ्या ख्रिस्ती दांपत्याने काळ्या कुटुंबांसाठी घरशिक्षणाची संघटना सुरू केली. गोऱ्या उपनगरांची म्हणून ओळखली जाणारी ही वाट तेव्हापासून रुंदावत गेली.

सरकारी पाहणीनुसार १९९९ मध्ये अमेरिकेत साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती. २०१२ मध्ये सुमारे अठरा लाख. मग करोना आला. २०२०च्या वसंतात शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांनी घरशिक्षण करत असल्याचं जनगणना खात्याला सांगितलं, शरदात ११.१ टक्के घरांनी. काळ्या कुटुंबांत हाच आकडा ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेला. त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर हार्वर्डच्या मासिकाने घरशिक्षणावर कडक निर्बंध मागणाऱ्या एलिझाबेथ बार्थोलेट यांचं म्हणणं छापलं. सोबतच्या चित्रात पुस्तकांच्या घराच्या गजांआड कोंडलेलं मूल होतं. एका भिंतीला बायबल, दुसऱ्या पुस्तकावर अंकगणित. त्या ‘अरिथमेटिक’चं स्पेलिंग चुकलेलं होतं. घरी शिकवणाऱ्या आयांनी ते सोडलं असतं तरच नवल.

नव्याने आलेल्या कुटुंबांची कारणं मात्र निराळी आहेत : शाळेतला गोळीबार, दादागिरी, विशेष गरजा असलेलं मूल. धार्मिक शिक्षणासाठी घरी शिकवतो, असं २०१२ मध्ये साधारण दोन तृतीयांश पालक सांगत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या २०२३च्या पाहणीत ते प्रमाण ३४ टक्क्यांवर आलं. पद्धत राहिली, प्रार्थना ऐच्छिक झाली.

आता वाद पेटलाय पैशाचा. २०२२ मध्ये ॲरिझोनाने सरकारी शाळेबाहेर शिकणाऱ्या कोणत्याही मुलाच्या खात्यात राज्याचा शिक्षणनिधी जमा करण्याची सोय केली. पुढे फ्लोरिडा, टेक्सास त्याच रस्त्याने निघाले. नव्या कुटुंबांना ही पर्वणी वाटते. जुन्या ख्रिस्ती घरांतले बरेच जण हात मागे घेतात : आज पुस्तकांची बिलं मागतील, उद्या कोणती पुस्तकं ते सांगतील. ॲरिझोनात तर हा निधी घेणारं कुटुंब कायद्याच्या भाषेत घरशिक्षण करणारं उरतच नाही. त्यासाठी दिलेलं प्रतिज्ञापत्र आधी मागे घ्यावं लागतं. काहींनी ते मागे घेतलं आहे. काही अजून मेसनचे खंड जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून स्वस्तात शोधत असतात.