जुन्या मोटारीचा सातबारा

बैलबाजारांत गेलेला शेतकरी दांत पाहिल्यावांचून बैलाचें दावें हातीं धरीत नाहीं. तो खूर पाहतो, वशिंड चाचपतो, जनावर चार पावलें चालवून पाहतो, आणि मगच उपरण्याखालीं बोटें धरून किंमतीची भाषा बोलतो. जमीन घ्यावयाची असेल तर खबरदारी याहूनही अधिक. सातबारा निघतो, फेरफार वाचले जातात, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे कीं काय हें पाहिल्यावांचून कोणी विसारही देत नाहीं. परंतु हाच सावध मनुष्य जुनी मोटार, जीप अथवा पिकअप घ्यावयास गेला कीं नव्या रंगाला भुलतो, आणि जिच्यासाठीं सबंध हंगामाचें उत्पन्न मोजावयाचें, त्या गाडीचा पूर्वेतिहास विचारावयास विसरतो.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. त्यांनीं तालुक्याच्या गांवीं एका मध्यस्थाकडून चार वर्षें वापरलेली पिकअप घेतली. पैसे रोख दिले, पावती साध्या कागदावर घेतली, आणि विकणाराच्या सह्या असलेले कोरे टी. टी. फॉर्म घरीं आणून कपाटांत ठेवले. सवडीनें नांवावर करूं, असा विचार. पुढें टोमॅटोच्या तोडणीच्या ऐन दिवसांत, मूळ मालकाचे हप्ते थकल्यामुळें, कर्ज देणाऱ्या कंपनीचीं माणसें येऊन गाडी घेऊन गेलीं. मध्यस्थ म्हणाला, मीं केवळ गांठ घालून दिली. मूळ मालकाचा ठावठिकाणा लागेना. माल शेतांत पिकून गेला, गाडी गेली आणि पैसेही गेले. वास्तविक त्या गाडीच्या नोंदणीपुस्तकावर कर्जाची नोंद स्पष्ट छापलेली होती. ती कोणीं वाचली नव्हती.

मालक कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८, यांत ज्याच्या नांवानें वाहन नोंदलेलें असतें तो मालक, अशी व्याख्या आहे. कर्जकरारावरील वाहनाचा अपवाद सोडला, तर व्यवहारांत गाडी कोणाच्या दारांत उभी आहे, पैसे कोणीं दिले, याला अपघाताच्या वेळीं महत्त्व उरत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका प्रकरणांत हें निःसंशय केलें. त्यांतील मोटार मूळ मालकानें २००७ सालीं विकली होती. पुढें ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत गेली, पण नोंद कोणींच बदलली नाहीं. २००९ सालीं तिच्याखालीं सांपडून एक जण मरण पावला. गाडीचा विमा नव्हता. भरपाईची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शेवटपर्यंत गेला, तेव्हां ज्याचें नांव नोंदणींत राहिलें होतें त्या मूळ मालकावरच ती पडली. गाडी विकून दोन वर्षें झालीं होतीं, ही सबब चालली नाहीं.

यावरून घेणाराचें व विकणाराचें हित एकाच गोष्टींत आहे हें दिसून येईल. नांव बदललें नाहीं तर घेणाराची गाडी खरी त्याची होत नाहीं, आणि विकणाराच्या मानेवरील जूं उतरत नाहीं.

नोंदणीपुस्तक वाचावें

नोंदणीपुस्तक, म्हणजे आर. सी., हाच गाडीचा सातबारा. त्याची झेरॉक्स पाहून समाधान मानूं नये. मूळ पुस्तक अथवा कार्ड मागावें. त्यावर पुढील गोष्टी पाहाव्या: मालकाचें नांव व तो कितवा मालक आहे, नोंदणीचा व उत्पादनाचा दिनांक, चेसिस व इंजिनाचे क्रमांक, इंधन, आणि कर्ज देणाराचें नांव. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षेंपर्यंत चालते व पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळत असेल तर त्या स्वस्ताईचें कारण तारखेंतच सांपडतें. पिकअप ही मालवाहू गाडी असल्यानें तिचें योग्यता प्रमाणपत्र, ज्यास लोक पासिंग म्हणतात, केव्हां संपतें हें निराळें पाहावें. पहिलीं आठ वर्षें तें दोन दोन वर्षांचें व पुढें दरवर्षीं घ्यावें लागतें.

हातांतील कार्ड व सरकारदप्तर यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहणें आतां सोपें झालें आहे. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदसंग्रहांत, अथवा मोबाईलवरील ‘एमपरिवहन’ मध्यें, गाडीचा क्रमांक घातला असतां नोंदणीची तारीख, विमा, धुराचें प्रमाणपत्र, कर, योग्यता आणि कर्जाची नोंद दिसते. मालकाचें नांव कांहीं अक्षरें झांकून दाखवितात, तरी जुळतें कीं नाहीं हें कळतें. मोठी रक्कम द्यावयाची असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालयांतून नोंदणीच्या तपशिलाचा उतारा, ज्यास तेथें ‘पर्टिक्युलर’ म्हणतात, तो काढून घ्यावा. त्याच वेळीं वाहतूक पोलिसांचे थकलेले ई-चलान आहेत काय तेंही पाहावें.

यानंतर पुस्तकावरील चेसिस क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष ताडून पाहावा. कागद ठेवून पेन्सिल घासली म्हणजे ठसा उठतो. अक्षरें वांकडींतिकडीं, खरवडलेलीं अथवा भोंवतालचा रंग निराळा दिसल्यास तेथूनच परतावें. चोरीच्या गाडीविषयीं संशय असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संग्रहांत क्रमांक शोधून दाखला घेण्याची सोय आहे. चोरीचा माल प्रामाणिकपणें घेतला तरी तो घेणाराचा होत नाहीं. गाडी खऱ्या मालकाकडे जाते आणि आपल्या हातीं दावा उरतो.

बोजा व परगांवची गाडी

कर्जाच्या गाडीवर कर्ज देणाराच्या लेखी संमतीवांचून नांवबदल होत नाहीं. “सगळे हप्ते फेडले आहेत,” या तोंडी शब्दावर विसंबूं नये. बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ मागावा, आणि एच. पी. उतरविल्याची नोंद ‘वाहन’ मध्यें दिसल्यावर मगच उरलेली रक्कम द्यावी. कर्ज शिल्लक असेल व सौदा सोडावयाचा नसेल, तर बँकेंत स्वतः जाऊन तेवढी रक्कम थेट कर्जखात्यांत भरावी. विकणाराच्या हातीं देऊं नये.

मालक मयत असेल तर वारसांच्या सह्यांवर सौदा करूं नये. वारसानें तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ देऊन गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी असा नियम आहे. ती झाल्यावर मग घ्यावी. परप्रांतांतील गाडीस नमुना २८ चें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें. बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथें ठेवावयाची तर येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि येथील कर भरावा लागतो. तो खर्च किंमतींत मिळवून पाहिला म्हणजे दूरची स्वस्त गाडी पुष्कळदां महागच पडते.

गाडीचे दांत

कागद शुद्ध असला तरी अंग पाहिलेंच पाहिजे. सोबत ओळखीचा मिस्त्री असावा व वेळ सकाळची असावी. बॉनेटला प्रथम हात लावून पाहावा. तें ऊन लागल्यास गाडी आधींच चालू करून ठेवली होती असें समजावें, कारण थंड इंजिनाचा दोष गरम झाल्यावर लपतो. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण आहे. मीटर तीस हजार दाखवितो आणि क्लचच्या पेडलचें रबर झिजून गुळगुळीत झालें आहे, असें असेल तर मीटर मागें फिरविला असावा. कंपनीच्या दुरुस्तीशाळेंत प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा आंकडा नोंदलेला असतो. विकणारास बरोबर नेऊन तो पाहावा. टायरवर आठवडा व वर्ष दाखविणारे चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरूनही गाडीच्या चालीचा अदमास येतो.

पुरांतील गाडीची परीक्षा विशेष लक्षपूर्वक करावी. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर व सांगलीकडे, आणि २०२१ च्या जुलैंत चिपळूण व महाडकडे आलेल्या पुरांत पुष्कळ गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुवून, वाळवून, नवीं कव्हरें घालून दूरच्या बाजारांत उभी केली तर वरवर पाहून कांहींच कळत नाहीं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा; आंतील भागावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांस गंज, गालिच्याखालीं बारीक रेती, दिव्यांच्या कांचेंत ओल, या खुणा बोलतात. विमा कंपनीकडे पूर्वीं काय क्लेम झाला होता, हें विकणारास लेखी विचारावें.

नांवबदल व विमा

सौदा ठरल्यावर नमुना २९ व ३० वर सह्या व्हाव्या, त्याही पूर्ण भरलेल्या फॉर्मवर; कोऱ्या फॉर्मवर सही देऊं नये व घेऊंही नये. एकाच राज्यांतील व्यवहार असल्यास विकणारानें १४ दिवसांच्या आंत, परराज्यांतील असल्यास ४५ दिवसांच्या आंत, आणि घेणारानें ३० दिवसांच्या आंत नोंदणी कार्यालयास कळवावें, असा कायदा आहे. ताबा देतांना दिनांकच नव्हे तर वेळही लिहावी, व मीटरचा आंकडा नोंदवावा. त्या क्षणापूर्वींचें चलान व अपघात विकणाराकडे, पुढील घेणाराकडे, असें करारांत स्पष्ट लिहावें. पैसे बँकेमार्फत द्यावे आणि कांहीं भाग नांवबदल होईपर्यंत राखून ठेवावा.

विम्याविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. गाडी घेतली कीं विमाही आपोआप आला, असें लोक समजतात. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो हें खरें. परंतु आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, कंपनीनें आपलें नांव घातल्यावांचून, आपल्या उपयोगीं पडत नाहीं. म्हणून १४ दिवसांच्या आंत कंपनीस अर्ज करावा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट ही माणसाची असते, गाडीची नसते. ती जुन्या मालकाबरोबर जाते.

कायद्याचें पाठबळ

१९३० च्या मालविक्री कायद्यानें विकणारास विकण्याचा अधिकार असलाच पाहिजे, आणि माल न सांगितलेल्या बोजापासून मोकळा असला पाहिजे. गाडीच्या गुणाबद्दल मात्र कायदा इतकें देत नाहीं. नजरेनें दिसण्यासारखा दोष न पाहतां घेतला तर तक्रार दुबळी होते. “जशी आहे तशी” असा शब्द पावतींत असेल तर ती अधिकच दुबळी होते. यासाठीं गाडीचा अपघात झालेला नाहीं, ती पुरांत बुडालेली नाहीं, मीटर खरा आहे, हीं विधानें विकणाराच्या सहीनें कागदावर घ्यावीं. लेखी विधान खोटें ठरलें म्हणजे दाव्यास आधार मिळतो. मुद्दाम फसविलें असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालीं फसवणुकीची फिर्याद देतां येते.

व्यापाऱ्याकडून घेतल्यास पाठबळ वाढतें. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानें नोंदणी कार्यालयाचें प्राधिकारपत्र घ्यावें असा नियम झाला आहे. मालकानें गाडी त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना नमुना २९ग प्रमाणें गेली कीं पुढील जबाबदारी व्यापाऱ्याकडे येते. तें प्राधिकारपत्र दाखवा, असें प्रथमच म्हणावें. व्यापाऱ्यानें फसविल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें, किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास, आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार देतां येते. ५ लाखांपर्यंतच्या किंमतीस फी नाहीं. स्वतःच्या पोटापाण्यासाठीं स्वतः चालविलेली गाडी व्यापारी उपयोगांत मोडत नाहीं, हें शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें. सल्ल्यासाठीं १९१५ हा दूरध्वनि क्रमांक आहे. एखाद्या खासगी गृहस्थाकडून गाडी घेतली असेल तर मात्र बहुधा दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते, आणि ती लांबची आहे.

या सर्व खटपटीस दोन-तीन दिवस व थोडा प्रवासखर्च लागेल. एका खेपेंत माल विकून येणारा पैसा पाहतां तो जड नाहीं. शेवटीं एक विनंती. ज्यांनीं मागें गाडी विकली आहे व नांवबदल झाला कीं नाहीं हें पाहिलेलें नाहीं, त्यांनीं आजच तो क्रमांक ‘वाहन’ मध्यें घालून पाहावा. नोंदींत आपलेंच नांव निघालें तर घेणारास गांठून, कागद पुरे करून, तें उतरवून घ्यावें. ती गाडी या क्षणीं कोणत्या रस्त्यावर व कोणाच्या हातीं धांवत आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.