अजगराचें अन्न

पावसाळ्यांत संत्र्याच्या बागेंत, नाल्याच्या कांठीं किंवा जुन्या विहिरींत अजगर निघाला म्हणजे गांवांत दोन पक्ष होतात. एक पक्ष काठ्या घेऊन धांवतो. दुसरा त्यास पेटींत घालून दूध पाजूं पाहतो. पहिल्या पक्षास काय सांगावें हें सर्वांस ठाऊक आहे. दुसऱ्याचा हेतु दयेचा असतो, परंतु त्याच्या हातूनही अजगराचा जीव वांचत नाहीं. तो फक्त सावकाश जातो. सबब या प्राण्यास कोणतें अन्न चालतें, किती व केव्हां, याविषयीं चार शब्द शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम दुधाविषयीं. सापाचीं पिलें जन्मापासून दूध पीत नाहींत, व तें पचविण्याची सोय सापाच्या पोटांत नाहीं. अनेक दिवस तहानेला ठेवलेला साप पुढें येईल तें पातळ द्रव्य पितो, त्यासच लोक आवड समजतात. नागपंचमीस टोपलींतील नाग दूध पीत असे तो याच कारणानें. भात-भाकरीचा तर प्रश्नच नाहीं. अजगर केवळ मांसाहारी आहे.

परंतु मांस म्हणजे खाटकाकडील तुकडे नव्हेत. अजगराचे दांत मागें वळलेले असून ते धरून ठेवण्याच्या कामाचे आहेत, चावण्याच्या नव्हेत. तो भक्ष्यास वेढे घालून त्याचा रक्तप्रवाह बंद पाडतो व तें सबंध गिळतो. हाडांतून त्यास चुना मिळतो, काळिजांतून जीवनसत्त्वें. केंस व नखें मात्र विष्ठेवाटे बाहेर पडतात. नुसत्या मांसाच्या फोडींवर ठेवलेल्या अजगराचीं हाडें कालांतरानें दुबळीं होतात. म्हणून ज्या संस्थांत अजगर पाळावे लागतात तेथें उंदीर, कोंबडी, ससा असें सबंध भक्ष्य देतात, आणि तेंही बहुधा मेलेलें. कारण जिवंत उंदीर कोंडलेल्या अजगरास चावून मोठ्या जखमा करूं शकतो. थंड भक्ष्य मात्र त्यास ओळखतां येत नाहीं. त्याच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खांचा असतात, म्हणून भक्ष्य किंचित् ऊन करून पुढें धरतात.

माप ठरविण्याची रीत सोपी आहे. अजगराच्या धडाचा जो सर्वांत जाड भाग, त्याच्या घेराएवढें किंवा थोडेंसेंच अधिक भक्ष्य योग्य. दीड-दोन फुटांच्या पिलास आठवड्यास एक लहान उंदीर पुरतो. आठ-दहा फुटांच्या थोराड अजगरास तीन-चार आठवड्यांतून एक ससा किंवा कोंबडी पुष्कळ झाली. हौसेनें रोज खाऊं घालणारा मनुष्य त्याच्या काळजाभोंवतीं चरबी सांचवितो व त्याचें आयुष्य घटवितो. कातीच्या वेळीं, थंडीच्या दिवसांत, आणि मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसली असतां अजगर स्वतःच अन्न वर्ज्य करितो. त्या वेळीं तोंड उघडून घास कोंबणें म्हणजे दया नव्हे.

पचनाचें काम तर फारच नाजूक आहे. आपल्या अजगराचा जवळचा भाऊबंद जो ब्रह्मदेशी अजगर, त्याचें हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारें ४० टक्क्यांनीं वाढतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. इतका खटाटोप चालण्यास बाहेरून ऊब हवी. तीस अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. काटोलकडील पौषांतल्या रात्रीं पेटींत पडलेल्या अजगराच्या पोटांत भक्ष्य कुजतें व तो तें ओकतो. पोट फुगलेला अजगर पाहून लोक त्यास ओढतात, उचलतात, त्याच्याबरोबर छायाचित्रें काढतात. भ्यालेला प्राणी गिळलेलें करडूं बाहेर टाकतो. त्यानें करडूंही परत येत नाहीं आणि अजगराचें महिन्याचें जेवणही जातें.

ज्यास घरीं अजगर ठेवण्याची इच्छा असेल त्यानें कायदाही वाचावा. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत असून त्यास पकडणें वा मारणें याबद्दल तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. शहरांतून कांहीं लोक आफ्रिकेंतील लहान जातीचे अजगर पाळतात, त्यांनाही २०२४ च्या नियमांप्रमाणें शासनाकडे नोंद करावी लागते. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या मजसारख्यास नोंदीची किंमत सांगावयास नको.

अजगरास योग्य अन्न आपल्याच धुऱ्यावर असतें: घूस, उंदीर, ससा, रानडुकराचें पिलूं. एक अजगर बागेंतील सर्व उंदीर संपवितो असें सांगणारे अतिशयोक्ति करितात. महिन्यांतून एक-दोनदां जेवणाऱ्याकडून तें कसें व्हावें? तथापि भुईमूग उकरणाऱ्या रानडुकरांचीं पिलें तो खातो, हें कांहीं थोडकें नव्हे. कोंबड्या व करडें रात्रीं दार लावलेल्या, फटी बुजविलेल्या कोठ्यांत ठेवल्यास त्याचें आपलें वांकडें येण्याचें कारण उरत नाहीं. उंदरांकरितां विषाचें आमिष मांडणाऱ्यांनीं मेलेले उंदीर शोधून खोल पुरावे. विष खाल्लेला उंदीर गिळणारा केवळ अजगरच नव्हे, घुबड व धामणही असते.

अजगर विहिरींत पडला असेल, जखमी असेल किंवा घरांत शिरला असेल तर वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावें. नागपुरांत सेमिनरी हिल्स येथें जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करणारें केंद्र आहे, आणि काटोल मार्गावरील गोरेवाडा येथेंही अशा प्राण्यांची व्यवस्था आहे. वनरक्षक येईपर्यंत कुत्रीं बांधावीं, मुलांस दूर ठेवावें, पाणी ओतूं नये, आणि दुधाची वाटी घरांतच राहूं द्यावी.