क्रॉइट्झफेल्ट-याकोब विकार आणि अपस्माररोधी औषधे : एक विवेचन

प्रस्तावना :
दरवर्षी दहा लाख लोकसंख्येमागे साधारणतः एक ते दोन व्यक्तींना होणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब विकार १९२०-२१ मध्ये जर्मन वैद्यकांनी प्रथम नोंदविला. मेंदूतील एक नैसर्गिक प्रथिन चुकीची घडी धारण करते आणि शेजारच्या प्रथिनांनाही तीच घडी घ्यावयास लावते. अशा प्रथिनाला स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हे नाव दिले. त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुसंख्य रुग्ण वर्षभरात दगावतात.

औषधांचे प्रयोजन :
या विकारात आकडी हे प्रमुख लक्षण नव्हे. स्नायूंना अकस्मात बसणारे झटके, म्हणजेच मायोक्लोनस, हे होय. ते शमविण्यासाठी क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट व लेव्हेटिरासिटाम दिले जाते. झटके कमी झाले की रोग हटला, असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रथिनाची विकृत घडी तशीच राहते.

खरी अडचण निदानाची आहे. मेंदूच्या विद्युत आलेखात ठरावीक अंतराने उमटणाऱ्या टोकदार लहरी झटक्यांविना चालणाऱ्या अपस्मारासारख्या भासू शकतात. डायझेपामसारख्या औषधाने त्या काही काळ लोपतात, मात्र रुग्णाची शुद्ध सुधारत नाही. म्हणून केवळ आलेख सुधारला यावरून अपस्माराचे निदान करणे धोक्याचे ठरते. उलटपक्षी, उपचारसाध्य स्वप्रतिकारजन्य मेंदूदाहाला घाईने प्रायॉन विकार ठरविणे त्याहून घातक, कारण तेथे वाचू शकणारा रुग्ण हातचा जातो.

प्रयोगशाळेतील साक्ष :
व्हॅल्प्रोएटबाबत इस्रायली संशोधकांनी २००२ मध्ये वेगळीच बाब मांडली : संवर्धित चेतापेशींत या औषधामुळे प्रायॉन प्रथिनाचा संचय वाढला. पेशींवरील निरीक्षण रुग्णाला सरसकट लागू करता येत नाही, हे खरे; तथापि लक्षण शमविणारे औषध मूळ प्रक्रियेबाबत तटस्थ असेलच, हे गृहीतक त्यामुळे डळमळले.

फ्लुपिर्टिन हे वस्तुतः वेदनाशामक. रेटिगॅबिन या अपस्माररोधी औषधाची रचना त्याच्याशी जवळची आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ रुग्णांवरील जर्मन चाचणीत त्याने बौद्धिक ऱ्हास काहीसा मंदावला, आयुर्मान मात्र वाढले नाही. यकृतावरील दुष्परिणामांमुळे २०१८ मध्ये ते युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले.